राखून खेळणारी पोरं

सोनगीरच्या किल्ल्याखाली कुस्तीचा फड भरतो ती जागा चांगली सपाट आहे, पण तिच्या चारही बाजू वाईट. एका अंगाला कपाशीच्या शेताची बाभळीच्या काट्यांची वई म्हणजे कुंपण, दुसऱ्या अंगाला पायऱ्यांची बारव, तिसऱ्या अंगाला आग्रा रोड आणि चौथीकडे किल्ल्याचा धारदार दगडांचा उतार. अशा जागेत फुटबॉल खेळायचा तर बॉल उंच उडवून चालत नाही. उडाला की काट्यात, नाहीतर बारवेत, नाहीतर एखाद्या बैलगाडीखाली.

हिलालने हे लवकर ओळखलं. हिलाल भुसावळला रेल्वेत खलाशी होता. तिथे गोऱ्या ड्रायव्हरांबरोबर तो फुटबॉल शिकला. बाप अंथरुणाला खिळला म्हणून शेती पाहायला गावी परतला, तेव्हा येताना कातड्याचा एक बॉल घेऊन आला. बॉल एकच आणि आतलं ब्लॅडरही एकच, तेही सायकलच्या ट्यूबसारखं ठिगळं लावलेलं. ते फुटलं की खेळ संपला. म्हणून त्याने पोरांना पहिल्या दिवसापासून एकच सांगितलं. बॉल जमीन सोडणार नाही. शेजारच्या गड्यापर्यंत पोचेल एवढाच पाय लावायचा. पुढे वाट नसेल तर मागे द्यायचा. मागे दिल्याने कुणी लहान होत नाही.

दोन हिवाळे असे गेले. पोरं अनवाणी खेळायची, आणि बॉल त्यांच्या पायांपाशी एखाद्या माणसाळलेल्या जनावरासारखा राहायला शिकला. या पोरांत अभिमन आबांचा मुलगा पितांबर होता.

अभिमन आबा तालमीचे वस्ताद आणि फडाचे पंच. फडाची जागा तालमीची आणि तिथे शब्द आबांचा. माणूस सरळ होता, पण संशयी. बैल घ्यायला गेले तर विकणाऱ्याच्या दाव्यालाही हुंगतील. दुधात पाणी नसलं तर आज का नाही, असं विचारतील. याला कारण होतं. तरुणपणी भडगावच्या यात्रेत त्यांनी एक मोठी कुस्ती मारली होती. पागोटं मिळालं, वाजतगाजत मिरवणूक निघाली. परतीच्या वाटेवर गाडीवान एकमेकांकडे पाहून हसत होते. मग कळलं की समोरचा गडी आपणहून पडला होता. भलत्याच लोकांनी ते आपसांत ठरवलं होतं आणि आबांना त्याचा पत्ताही नव्हता. पण लोकांनी तेही मानलं नाही. ते पागोटं आबांनी पुन्हा कधी बांधलं नाही. तेव्हापासून फडात दोन गडी जास्त वेळ चिकटून राहिले की आबांचे डोळे बारीक व्हायचे.

दुसरं महायुद्ध लागायच्या आदल्या हिवाळ्यात पितांबरने बापाकडे फडाची जागा मागितली. तोवर पोरं दुपारी, तालीम बंद असताना, चोरून खेळत होती.

आबा म्हणाले, "खंडेरावनी यात्रामा गावनासमोर खेळा. माले लबाडी दिसनी नही तं जागा तुमनी. कुस्ती नसेल तव्हय खुशाल खेळा. लबाडी दिसनी, तं बॉल बारवमा."

"लबाडी कसानी, आबा? खेळ शे तो."

"खेळमाच ऱ्हास," आबा म्हणाले.

हिलालने धुळ्याच्या एका संघाला निरोप धाडला. चंपाषष्ठीच्या दुसऱ्या दिवशी ते मोटारीतून आले. पायांत बूट, अंगात एकाच रंगाचे सदरे. त्यांचा कप्तान बन्सीलाल नावाचा उंच, गोरा मुलगा होता. त्यांच्याबरोबर एक ड्रिल मास्तर शिट्टी घेऊन आले होते. सकाळच्या कुस्त्या नुकत्याच सुटल्या होत्या. तीच माणसं तिथेच बसून राहिली आणि तीच हलगी वाजत राहिली. फडाचं भगवं निशाण काठीवर तसंच होतं. किल्ल्याच्या उतारावर बायका बसल्या होत्या आणि त्यांच्यात आबांची बायको भिकुबाई होती.

शिट्टी झाली. बॉल सोनगीरच्या पोरांकडे आला आणि त्यांच्याकडेच राहिला.

याच्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून मागे, मागून बाजूला, पुन्हा याच्याकडे. धुळ्याचे गडी बूट आपटत धावत येत, तोवर बॉल दुसरीकडे गेलेला असे. सुरुवातीला लोक हसले. धुळ्याचा एक गडी घसरून पडला तेव्हा हलगीवाल्याने ठेका बदलला. मग लोक गोलाची वाट पाहू लागले. गोल काही होईना. पोरं गोलाच्या जवळ जात, आणि समोर गर्दी दिसली की बॉल मागे देत.

फडाच्या कडेला छगन बसला होता. कुस्ती कधी न खेळलेला, पण प्रत्येक कुस्तीवर बोलणारा.

"हाई काय चाली राह्यनं भाऊ?" तो मोठ्याने म्हणाला. "कुस्ती शे का फुगडी शे?"

लोक हसले.

"याले दे, त्याले दे. वाण वाटी ऱ्हायनात का रे? संक्रांतले अजून टाईम शे."

पुन्हा हसू झालं, पण या वेळी थोडं कमी. ऊन चढलं होतं. कोणी जांभई दिली. कोणीतरी म्हणालं की यापेक्षा दोन बैल रवंथ करताना पाहिलेले बरे. मग छगनने आवाज खाली आणला, आणि छगनचा आवाज खाली आला की लोक जास्त ऐकत.

"माले तं वास येस," तो म्हणाला. "गोल समोर दिसस आनि पोरं मागे वळतस. असं कोन करस? जेले जिंकनं नही तो करस."

"कोन म्हणस?"

"मी काय म्हणू? हिलाल धुळाले कितीदा गया, ते त्याले विचारा."

हे बोलणं फडाभोवती फिरत गेलं आणि फिरता फिरता मोठं झालं. आबांच्या कानाशी ते पोचलं तेव्हा हिलाल धुळ्याला चहा प्याला होता, मोटारीत बसला होता आणि काहीतरी ठरवून आला होता.

आबांना कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांचे डोळे केव्हाच बारीक झाले होते. कुस्तीत एखादा गडी समोरच्याचा कब्जा घेतो, त्याला खाली दाबतो आणि मग डावच टाकत नाही. वर नुसता बसून राहतो. अशा कुस्तीचा अर्थ आबांना पाठ होता. कब्जा आहे, ताकद आहे, वेळ आहे, आणि डाव नाही. म्हणजे दोघांचं आधीच बोलणं झालं आहे.

पण एक गोष्ट त्यांना खटकत होती. खाली दबलेला गडी ठरलेल्या कुस्तीत निवांत असतो. धुळ्याची पोरं निवांत नव्हती. त्यांचे सदरे पाठीला चिकटले होते. आबांनी ते पाहिलं, आणि मनात म्हणाले, हेही दाखवायला असेल.

ते उठले आणि काठी टेकत मैदानात गेले. ड्रिल मास्तरांनी शिट्टी वाजवली, पुन्हा वाजवली. आबांनी मागे पाहिलं नाही. बॉल तेव्हा पितांबरच्या पायाशी होता. आबांनी वाकून तो उचलला आणि काखेत धरला.

"भंडार आना," ते म्हणाले.

कुस्तीच्या फडात घोळ वाटला की हेच करतात. दोन्ही गड्यांना उभं करायचं, खंडेरावाच्या भंडाराची वाटी पुढे धरायची आणि प्रत्येकाने ती हळद उचलून, कपाळाला लावून सांगायचं, की मी कोणाला बांधलेला नाही, समोर डाव दिसला की टाकीन, काही राखून ठेवणार नाही, देव पाहतो आहे. फडाचं निशाण उतरेपर्यंत ही शपथ चालते. ती मोडलेला माणूस आमच्याकडे कोणाला आठवत नाही.

बन्सीलाल पुढे आला. "बाबा, हे काय चाललंय? अजून अर्धा खेळ बाकी आहे."

"तुमले नही सांगत," आबा म्हणाले. "आमना घरना प्रश्न शे."

हिलाल धावत आला. त्याला धाप लागली होती. "आबा, हाई शपथ कुस्तीनी शे. यास्ना पायमा ती बसनार नही."

"काबर बसनार नही?"

"आमना खेळच राखाना शे. डाव दिसना का लगेच टाकाना नही. दुसरा दिसस, मंग तिसरा दिसस…"

"जेना मनमा काही नही, तेले भंडारनी कसानी भीती?" आबा म्हणाले.

हिलालकडे सगळे पाहत होते. त्याच्या तोंडातून ‘नाही’ निघालं असतं तर तो धुळ्याचा माणूस ठरला असता. ‘हो’ म्हणाला असता तर खेळ गेला असता. तो काहीच बोलेना, आणि त्याचं न बोलणंही लोकांनी मोजलं.

तेव्हा पितांबर पुढे झाला. त्याला दोनच गोष्टी दिसत होत्या. आपण मागे सरलो तर बॉल बारवेत जाईल आणि हिलालभाऊ गावातून उठेल. त्याने भंडार उचलला. शपथ म्हटली, एकही शब्द न गाळता. मग एकामागून एक सगळी पोरं आली. शेवटी हिलाल आला आणि त्यानेही उचलला. सगळ्यांची कपाळं पिवळी झाली.

आबांनी बॉल परत दिला आणि जागेवर जाऊन बसले.

खेळ सुरू झाला. बॉल पितांबरकडे आला. समोर, लांब, धुळ्याच्या गोलाचे दोन बांबू दिसत होते. मधे सहा-सात माणसं होती. शेजारी छान मोकळा गडी उभा होता. पितांबरने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याला कपाळावरचा भंडार आठवला. डाव दिसला की टाकीन. त्याने होता नव्हता तेवढा पाय लावला. बॉल उडाला आणि गोलावरून पार उतारावर गेला.

फड उठून उभा राहिला. हलगी कडाडली. "हां, आते कशी कुस्ती लागनी," छगन ओरडला.

पुढच्या गड्यानेही तेच केलं. त्याच्या पुढच्यानेही. ज्याच्या पायाशी बॉल आला त्याने गोलाच्या दिशेने हाणला, कुठूनही, कसाही. अनवाणी पायांची नखं फुटली. बॉल आभाळात आणि माणसं माना वर करून. लोकांना अशी मजा कधी आली नव्हती. आणि दर वेळी बॉल खाली आला की तो धुळ्याच्या गड्यांकडे जायचा.

धुळ्याची पोरं आधी गोंधळली. इतका वेळ ज्यांनी बॉलला पाय लावू दिला नाही ते आता तो आपणहून देत होते. बन्सीलाल आपल्या गड्यांना ओरडून सांगू लागला, "सांभाळा रे. यात काहीतरी डाव आहे. पुढे जाऊ नका." ते बराच वेळ पुढे गेलेच नाहीत. मग हळूहळू त्यांना कळलं की डाव नाही. त्यांनी एक गोल केला, मग दुसरा. सोनगीरचे गडी दमून गेले होते आणि तरी शपथेला जागत होते. शेवटी पितांबरने मैदानाच्या मधूनच एक हाणला. बॉल बाभळीच्या वईत गेला आणि सगळ्यांना तो आवाज ऐकू आला. साप फुसफुसतो तसा, लांब.

खेळ तिथेच संपला.

लोक खूश होते. हरलेल्या पोरांना त्यांनी खांद्यावर घेतलं आणि नारळ दिले. छगन आबांना म्हणाला, "आबा, तुम्ही भंडार उचलाले लाया आनि खेळमा जीव उना. पोरं हारनात, पन खरं खेळनात."

आबांनी आपला शब्द पाळला. सगळ्यांदेखत म्हणाले, "लबाडी दिसनी नही. जागा पोरसनी."

पितांबर मान खाली घालून उभा होता. त्याच्या हातात फुटक्या बॉलचं कातडं होतं.

धुळ्याची माणसं निघाली तेव्हा बन्सीलाल पाणी प्यायला बारवेपाशी आला. आबा तिथे होते. तो पाया पडला आणि हसून म्हणाला, "बाबा, तुम्ही आलात म्हणून आम्ही वाचलो. आमच्या डावीकडच्या गड्याला उलटी व्हायची बाकी होती. आणखी थोडा वेळ त्यांनी बॉल फिरवला असता ना, तर आम्ही मैदानात बसकण मारली असती."

मोटार गेली. आबा तिथेच उभे राहिले. जिंकलेला माणूस असं का बोलेल? चेष्टा असेल. किंवा आपली समजूत काढत असेल. किंवा यातही काही असेल. त्यांनी तिन्ही बाजूंनी हुंगून पाहिलं, पण वास कुठून येतो ते कळेना.

संध्याकाळी आबा आणि पितांबर जेवायला बसले. भिकुबाईने भाकरी वाढली, वर ठेचा घातला आणि चुलीपाशी बसली.

आबा म्हणाले, "तू दखं का वं खेळ?"

"बठ्ठं दखं."

"कसं वाटनं?"

"पहिलं आवडनं. मागलं नही."

"पहिलामा काय व्हतं? नुसतं इकडून तिकडे."

भिकुबाई चुलीतलं लाकूड मागे ओढत म्हणाली, "बारवमाईन पानी काढतस बाया. खालनी बाई वरनीले देस, ती तिना वरनीले. घागर पायरी पायरीवर येस. कोनी मधमा म्हणस का, माले वर दिसी राह्यनं म्हणून मी आठूनच फेकस? घागर कोनी फेकस का?"

भिकुबाई पुढे म्हणाली, "पायरीवर गर्दी ऱ्हायनी तं घागर मागे बी देतस. तुम्ही ते कधी दखं नही. तुमले आयतं पानी भेटस."

हसावं की नाही ते पितांबरला कळेना.

"तू सांग," आबा त्याला म्हणाले. "मी बॉल उचला तव्हय तू काय करी राह्यंतास?"

पितांबर म्हणाला, "वाट दखी राह्यंतू. त्यास्ना डावा गडी कमरवर हात ठेईसन उभा ऱ्हायना व्हता. त्याना दम सरना. आजून दोन खेपा फिरवतूत, तं तो मागे वळता नही. तठून वाट व्हती."

"मंग माले सांगं काबर नही?"

"तुम्ही भंडार मांगा, आबा. कारण नही मांगं."

आबांचा हात ताटातच राहिला. दम काढणं त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. आपल्यापेक्षा तगड्या गड्याचा कब्जा घेऊन, त्याच्यावर वजन टाकून, त्याला उठू न देता, बसू न देता, त्याचा श्वास आटेपर्यंत थांबायचं आणि मगच डाव टाकायचा. हे त्यांनीच तालमीत शिकवलं होतं. बसून राहणारा प्रत्येक गडी विकलेला नसतो. हे ते भडगावच्या आधी जाणत होते, आणि भडगावनंतर विसरले होते.

आता पोरांना जागा मिळाली होती. पण फडाचं निशाण यात्रेत पौर्णिमेपर्यंत उभं राहतं, आणि निशाण उभं आहे तोवर पोरांच्या अंगावर शपथ होती. पोरं बॉलला पाय लावतील तेव्हा त्यांना तो हाणावाच लागेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा फडावर गेले. लोक शेताकडे निघाले होते. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर त्यांनी काठी उपटली, निशाण गुंडाळलं आणि खंडेरावाच्या पायाशी नेऊन ठेवलं. असं आधी कधी झालं नव्हतं. लोक थांबले. कोणी विचारलं नाही, पण एकमेकांकडे पाहिलं. ती नजर आबांनी ओळखली. भडगावच्या वाटेवर गाडीवानांची होती तीच.

घरी येऊन त्यांनी पितांबरला सांगितलं, "निशाण उतरनं. शपथ सरनी. जा, हिलालले सांग."

"पन बॉल फुटना ना, आबा."

आबांनी कोपऱ्यातलं कातडं उचललं. वेचणीत मागे राहिलेला कापूस घरात होताच. त्यांनी स्वतः मुठी मुठीने तो आत दाबला आणि भिकुबाईने दाभणाने तोंड शिवलं. गोळा जड झाला. उसळेना. कितीही जोर लावला तरी चार हातांच्या वर उडणार नाही असा.

दुपारी फडावर पोरं जमली. आबा एका दगडावर बसले. शेजारी छगन येऊन बसला. त्याला यायचंच होतं.

"आबा," तो हळूच म्हणाला, "निशाण वख्तनापहिले काबर उतारं? गावमा लोक बोली ऱ्हायनात."

"काय बोली ऱ्हायनात?"

"हाईच. का पोऱ्यासाठे आबानी देवना नियम मोडा. माले नही वाटत, पन वास येस म्हणतस."

"येऊ दे," आबा म्हणाले. "दख."

खेळ सुरू झाला. कापसाचा गोळा जमिनीला धरून सरकत होता. याच्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून मागे, मागून बाजूला. धूळ थोडी उडायची आणि बसायची. आबा पुढे झुकून पाहत होते, डोळे बारीक करून. कोण कोणाला फसवतं आहे ते शोधत होते. हिलालने एकीकडे पाहिलं आणि दुसरीकडे दिला. आबांच्या घशातून हुंकार निघाला. पितांबरने मागे दिला, तेव्हा समोरचे दोघे पुढे आले आणि त्यांच्या मागे एक रिकामी जागा उघडी पडली. आबांनी ती जागा पाहिली. पोरांनीही पाहिली, पण तिथे बॉल दिला नाही. अजून नाही.

"कटाळा उना राव," छगन म्हणाला आणि मागे रेलून त्याने डोळ्यांवर टोपी ओढली.

"लबाडी शे," आबा स्वतःशीच पुटपुटले. "पक्की लबाडी शे."

तेवढ्यात गोळा कोणाच्या तरी पायाला लागून घरंगळत आबांच्या दगडापाशी येऊन थांबला. पोरं जागच्या जागी उभी राहिली. पितांबर बापाच्या हातांकडे पाहत होता.

आबांचे हात काठीवरच राहिले. त्यांनी बसल्या बसल्या पाय पुढे केला, चप्पल काढली आणि गोळा हलकेच ढकलला. जास्त नाही, जवळच्या गड्यापर्यंत पोचेल एवढाच. मग त्यांनी छगनकडे पाहिलं. तो झोपला होता, की झोपेचं सोंग घेऊन पाहत होता, याचा त्यांना अजिबात भरवसा नव्हता.